कुणाच्या झाडावर कुणाचं घर

आळवी या गावी एक भिक्षू स्वतःसाठी निवारा बांधत होता. लाकूड हवं म्हणून त्याने एका झाडाला कुऱ्हाड लावली. त्या झाडावर राहणाऱ्या देवतेने त्याला विनवलं, तुझं घर उभं करायचं म्हणून माझं घर मोडू नकोस. भिक्षूने ऐकलं नाही. घाव देवतेच्या लेकराच्या हातावर बसला. या माणसाला इथेच संपवावं, असं संतापाच्या भरात तिच्या मनात आलं; पण तिने स्वतःला आवरलं आणि ती थेट बुद्धांकडे गेली. बुद्धांनी तिच्या संयमाचं कौतुक केलं, राहायला जवळचं एक रिकामं झाड दाखवलं आणि भिक्षूंसाठी नियम घालून दिला. जिवंत झाडाझुडपाचा नाश करणं हा दोष, आणि तो दुसऱ्या भिक्षूपुढे कबूल करायचा.

विनयपिटकातली ही कथा झाडांवरच्या प्रेमाची म्हणून सांगता येईल, पण तिचा रोख त्याहून नेमका आहे. इथे दोन घरं समोरासमोर आहेत. एक उभं राहायचं तर दुसरं पडायला हवं. आणि देवतेची तक्रार लाकूड वापरल्याबद्दल नाही, न विचारता, विनवणी कानाआड करून ते घेतल्याबद्दल आहे.

आज मुंबई-पुण्यातलं एखादं कुटुंब नव्या फ्लॅटसाठी लाकडी फरशी पाहायला दुकानात शिरतं, तेव्हा ही तक्रार ऐकू येण्याची सोय उरलेली नसते. समोर नमुन्यांच्या फळ्या असतात. अठरा-वीस मिलिमीटर जाडीची भरीव सागवानी फळी, प्लायवर दोन ते सहा मिलिमीटर अस्सल लाकडाचा थर चिकटवलेलं इंजिनिअर्ड वूड, दाबलेल्या लाकडी भुश्शाच्या पाट्यावर लाकडाचा छापील फोटो आणि वर पारदर्शक कवच असलेलं लॅमिनेट, शिवाय बांबू. चर्चा होते ती रंगाची, चौरस फुटाच्या भावाची, पावसाळ्यात फळ्या फुगतील का याची, आजी घसरणार नाही ना याची. सगळे प्रश्न रास्त आहेत. हे झाड कुठे उभं होतं, ते कुणाच्या संमतीने पडलं, आणि ते पडताना आणखी कुणाचं काय मोडलं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. धर्मविचाराने हजारो वर्षं ज्या प्रश्नाशी झुंज घेतली, तो गप्प राहिलेला प्रश्न नेमका हाच आहे.

सोपं उत्तर तयार असतं: झाड आम्ही तोडलं नाही, आम्ही फक्त विकत घेतलं. हे उत्तर कितपत टिकतं, हे पाहायला लोणावळ्याजवळच्या कार्ल्याला जावं. तिथल्या बौद्ध चैत्यगृहाच्या दगडी छताला आतून लाकडी कमानी बसवलेल्या आहेत. छत खडकातच कोरलेलं असल्याने त्या कमानींवर कसलाही भार नाही. दगडात कोरलेल्या दालनाला लाकडी सभागृहाचं रूप यावं एवढ्यासाठीच त्या आहेत. आणि त्या सुमारे दोन हजार वर्षं तग धरून आहेत. ज्या संघाला झाड तोडायची मनाई, त्याच्या प्रार्थनास्थळात हे लाकूड आलं कुठून? अर्थात गृहस्थांकडून. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, दर्शनी दाराचं काम केल्याचा लेख तिथल्या भिंतीवर आहे. राजे आणि व्यापारी यांच्या दानलेखांच्या रांगेत एका सुताराचं नाव बापाच्या नावासह कोरलेलं दिसतं, हे पाहून मन भरून येतं. पण त्यासोबत एक अडचणही उभी राहते. भिक्षूने हात आवरला, आणि कुऱ्हाड दुसऱ्याच्या हाती गेली.

या अडचणीकडे भारतीय परंपरेने डोळेझाक केलेली नाही. योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि मान्यता दिलेली. जैन विचारात तर कृत, कारित आणि अनुमत ही त्रयी कर्मबंधाच्या मुळाशीच आहे. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात श्रावकाने टाळायचे पंधरा व्यवसाय दिले, त्यांत जंगलतोडीवर चालणारा धंदा आहे आणि कोळसा पाडण्याचाही. वनस्पती हा एक इंद्रिय असलेला जीव. कापून वाळलेलं लाकूड निर्जीव. म्हणून जैन घरात लाकडी पाट चालतो, देव्हारा चालतो. मात्र फळी निर्जीव झाली म्हणून ती निर्जीव करवून घेणाऱ्याचा हिशेब मिटत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर ग्राहक हा ‘कारित’च्या घरात बसतो. मागणी नोंदवणं म्हणजे तोड करवणं.

मग लाकूड वापरूच नये का? गृहस्थाला हा मार्ग धर्मशास्त्रानेही सांगितलेला नाही. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थानं मोजलेली आहेत: चूल, जातं-पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. केर काढतानाही जीव मरतात. म्हणजे जमिनीचा आणि हिंसेचा संबंध लाकूड येण्याआधीपासूनचा आहे. यावर उपाय म्हणून चूल बंद करायला सांगितलेली नाही. रोज पाच यज्ञ करायला सांगितले आहेत, त्यांत भूतमात्रांना अन्न देणं आहे आणि अतिथीला जेवू घालणंही आहे. घर चालवणं म्हणजे रोज कर्ज काढणं, आणि ते रोज थोडंथोडं फेडत राहणं. त्याच ग्रंथात सरपणासाठी ओली झाडं तोडणं उपपातकांत गणलं आहे, आणि फळझाड तोडल्यास शंभर ऋचांचा जप हे प्रायश्चित्त आहे. माणसामाणसांतल्या उच्चनीचतेबद्दल मनुस्मृतीने जे लिहिलं ते नाकारण्याजोगंच आहे, आणि महाराष्ट्राने ते जाहीरपणे नाकारलेलं आहे. पाच वधस्थानांची ही कल्पना मात्र खरी आहे, कारण तिच्यात कुणालाच निर्दोष म्हणून सोडून दिलेलं नाही.

मराठी घरांत वास्तुशांत अजून आवर्जून होते. जमीन खणताना, दगड फोडताना, झाडं तोडताना जे जीव दुखावले गेले त्यांचा दोष निवारण व्हावा, हा त्या विधीमागचा एक हेतू. पण तो क्वचितच कुणाच्या कानावर पडतो. गुरुजी संकल्प सांगत असतात तेव्हा यजमानाचं अर्धं लक्ष दारातल्या पाहुण्यांकडे असतं. हा हेतू त्या दिवशी मराठीतून, घरातल्या मुलांना कळेल असा मोठ्याने सांगितला जावा. घर बांधणं ही निव्वळ आनंदाची गोष्ट नाही, असं कबूल करणारा विधी आपल्याकडे आहे ही मोठी ठेव आहे.

झाडाची आधी परवानगी घेण्याची कल्पनाही जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात जाण्याची पद्धत दिली आहे. आदल्या रात्री झाडाची पूजा करायची, त्यावर वस्ती करणाऱ्या भूतांना बळी अर्पण करून दुसरीकडे जाण्याची विनंती करायची, आणि सकाळी मध आणि तूप लावलेल्या कुऱ्हाडीने तोड सुरू करायची. कोणतं झाड घेऊ नये तेही आहे: ज्यावर पक्ष्यांची घरटी आहेत, जे स्मशानात किंवा देवळाजवळ आहे, ज्याच्याशी वारूळ आहे. पुरीला जगन्नाथाच्या मूर्ती बदलतात तेव्हा कडुनिंबाचं झाड निवडताना घरटं नसावं हा दंडक अजून पाळला जातो. २०१५च्या नवकलेवरातही तो होता. घरटं, वारूळ. वराहमिहिराची यादी आजच्या वनसंवर्धनाच्या पुस्तकात तशीच ठेवता येईल.

महाराष्ट्रात याचं अगदी अलीकडचं उदाहरण चंद्रपूरचं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लागणारं सागवान मार्च २०२३मध्ये बल्लारपूरहून रवाना झालं, तेव्हा काष्ठपूजन झालं, शोभायात्रा निघाली. लोकांनी रस्त्यावर उभं राहून लाकडाला हात जोडले. तो भाव खरा होता. पण विदर्भाच्या जंगलातलं सागवान आपल्या दिवाणखान्यात फळ्या होऊन येतं, तेव्हा त्याला कुणी हात जोडत नाही. वटपौर्णिमेला वडाला सूत, औदुंबराला प्रदक्षिणा, पिंपळाला पाणी. ज्या झाडांचं लाकूड बांधकामाला तसं कुचकामी, त्यांना अभय. आणि ज्यावर वाडे उभे राहिले, तुळया, कडीपाट, जिने, गॅलऱ्या ज्याच्या झाल्या, त्या सागाच्या वाट्याला वर्षाचा एकही सण नाही.

विनंती करणं आणि संमती घेणं यांत फरक आहे, आणि इथे पुरोहितापेक्षा एक राज्यकारभारी अधिक उपयोगी पडतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५च्या सुमारास, आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं याचा विचार आहे. साग वगैरे जंगली लाकूड स्वराज्यात हुजूरची परवानगी घेऊन गरजेपुरतंच तोडावं, जास्त लागलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही जहाजाच्या कामाचं, पण त्याला हात लावू देऊ नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. बळजोरी करू नये. युद्धनौका ही राज्याच्या जिवाची गरज होती. तिच्यापुढेही एका कुणब्याच्या फणसाला नकाराचा अधिकार दिला गेला, ही राजनीतीच्या रूपातली धर्माची गोष्ट आहे.

दिवाणखान्याची फरशी ही जिवाची गरज नाही. म्हणून तिच्या बाबतीत ही कसोटी अधिक कडकपणे लावायला हवी.

ती लावली की पहिला प्रश्न बर्मा टीकचा येतो. दुकानदार अजून हे नाव आदराने उच्चारतात, आणि लाकूड त्या आदराला पात्रही आहे: तेलकट, घट्ट रेषांचं, वाळवीला न जुमानणारं. पण त्याच्यामागे एक राज्य बुडालेलं आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३मध्ये स्थापन झालेली कंपनी ब्रह्मदेशच्या जंगलांतून साग काढत असे. तोडलेल्या ओंडक्यांची नोंद कमी दाखवून राजाचा महसूल बुडवला, असा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने १८८५मध्ये कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. इंग्रजांना हवं ते निमित्त मिळालं. नोव्हेंबरात युद्ध झालं, त्याच महिन्याच्या अखेरीला राजा पदच्युत झाला, आणि १८८६मध्ये त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. तिथेच १९१६मध्ये तो वारला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पर्यटक पाहतात, अरबी समुद्राकडे तोंड करून फोटो काढतात. गिरगावातल्या चाळींच्या लाकडी जिन्यांची गोष्ट आणि या राजवाड्याची गोष्ट एकाच व्यापाराच्या दोन टोकांना आहे, हे सांगायला तिथे कुणी नसतं.

आणि ते प्रकरण इतिहासजमा झालेलं नाही. म्यानमारने एप्रिल २०१४पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात थांबवली. २०२१च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिकेने आणि युरोपीय संघाने निर्बंध घातले, कारण सागाचा पैसा सेनाधिकाऱ्यांपर्यंत जातो. दक्षिण अमेरिकेतलं इपे हे फार कठीण लाकूड बाल्कनी आणि गच्चीच्या डेकसाठी विकलं जातं. बेसुमार तोडीमुळे नोव्हेंबर २०२४पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आला. म्हणजे परवान्याशिवाय ते सीमा ओलांडू शकत नाही. हे सगळं ग्राहकाला ठाऊक असायला हवं, कारण ‘कारित’ हा शब्द त्याच्यासाठीच आहे.

१९९३मध्ये स्थापन झालेली एफएससी आणि १९९९मध्ये आलेली पीईएफसी या वनप्रमाणन संस्थांचं शिक्कामोर्तब हे संमतीचंच आधुनिक रूप म्हणता येईल. जंगलापासून दुकानापर्यंतची साखळी कागदावर जुळवली जाते, स्थानिकांच्या हक्कांची तपासणी होते. शिक्का पाहून थांबू नये, तो वाचावा. ‘१०० टक्के’ आणि ‘मिक्स’ हे वेगळे दावे आहेत, आणि दुसऱ्यात प्रमाणित नसलेल्या पण नियंत्रित स्रोतातल्या लाकडाची भेसळ चालते. बिलावर प्रमाणपत्राचा क्रमांक मागावा. दुकानदार नाराज होतो, होऊ द्यावं. प्रमाणपत्र हा पुरावा असतो, प्रायश्चित्त नव्हे, आणि पुरावा म्हणून ते मोलाचं आहे.

संमतीनंतर येतो काळाचा प्रश्न, आणि हा या विषयाचा गाभा आहे. जपानमधले सुतार निशिओका त्सुनेकाझू (१९०८–१९९५) होर्यूजी या सातव्या शतकातल्या लाकडी मंदिराची निगा राखणाऱ्या घराण्यातले. नारा इथल्या याकुशिजीचा पश्चिमेकडचा मनोरा त्यांनी नव्याने उभारला, तो १९८१मध्ये पुरा झाला. त्यासाठी लागणारे हजार वर्षांहून जुने हिनोकी वृक्ष जपानात उरलेच नव्हते. ते तैवानहून आणावे लागले. निशिओकांचं म्हणणं सरळ होतं: झाड हजार वर्षं उभं राहिलं असेल, तर त्याच्या लाकडाने इमारतीतही हजार वर्षं उभं राहायला हवं, आणि तसं बांधणं ही सुताराची जबाबदारी. झाडाच्या आयुष्याची परतफेड झाडाच्या मापानेच करायची.

या मापाने पाहिलं तर भावपत्रकाचा अर्थ बदलतो. जंगलातला साग तोडणीला यायला साठ-ऐंशी वर्षं घेतो. लॅटिन अमेरिकेतल्या लागवडींत तो वीस-पंचवीस वर्षांत काढतात. भरीव फळी अनेकदा घासून नवी करता येते, ती घरातली दोन पिढ्यांची माणसं पाहू शकते. इंजिनिअर्ड फळीवरचा थर तीन-चार मिलिमीटरचा असेल तर एक-दोनदा घासता येतो. मिलिमीटरभराहून पातळ असेल तर पहिला खोल ओरखडा हाच शेवटचा. आणि आतल्या सजावटीची हौस दर आठ-दहा वर्षांनी पालटणाऱ्या शहरी घरांत, उखडलेल्या फळ्यांना घेणारं कुणी नसतं. साठ वर्षांचं झाड आठ वर्षांसाठी घेणं हा या विषयातला खरा अधर्म आहे. त्यापुढे पूजा झाली की नाही हा मुद्दा गौण ठरतो.

यात देखभालीला धर्माइतकं मोल येतं. कोकण-मुंबईच्या दमट हवेत लाकूड श्वास घेतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. फळ्या बसवण्याआधी काही दिवस त्याच खोलीत ठेवायच्या, भिंतीलगत दहा-बारा मिलिमीटर फट सोडायची आणि ती स्कर्टिंगने झाकायची, खालचा कोबा पुरता वाळू द्यायचा. कंत्राटदाराला घाई असते. तो हे टाळतो, आणि पहिल्याच जुलैत फरशी मधोमध उचलली जाते. ज्याला फडकं नीट पिळून पुसायला आणि सांडलेलं पाणी लगेच टिपायला कंटाळा आहे, त्या घराने शहाबादी किंवा कोटाच घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

लॅमिनेटबद्दल एक वेगळा आक्षेप आहे. इंग्लिश विचारवंत जॉन रस्किनने १८४९मध्ये ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मध्ये एका पदार्थाला दुसऱ्याचं सोंग द्यायला लावणं ही वास्तुकलेतली असत्यवादिता मानली होती. लाकडाचा फोटो पायाखाली अंथरण्याबद्दल त्याने काय म्हटलं असतं, याचा तर्क सहज करता येतो. इथे रस्किनशी सहमत होणं मात्र कठीण आहे. भाड्याच्या एका खोलीत तीन माणसं राहणाऱ्या घराने भुश्शापासून बनवलेली फळी घेतली, तर ते कुणालाही फसवत नाही. घरातल्या प्रत्येकाला ते काय आहे हे माहीत असतं. लबाडी तिथे होते, जिथे विकणारा तिलाच ‘वूडन’ म्हणून खपवतो.

सर्वांत समाधानकारक वाट जुन्या लाकडाची. पुण्यातले वाडे आणि मुंबईतल्या चाळी पाडल्या जातात तेव्हा निघणाऱ्या सागवानी तुळया जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात, पुण्यातल्या जुन्या लाकडाच्या वखारींत येतात. खिळे उपटून, करवतीवर कापून, रंधा मारला की शंभर वर्षांचा गाभा पुन्हा उजळतो. नवं झाड पडत नाही. निशिओकांचं माप इथे आपोआप पाळलं जातं. पण तिसरा शब्द, अनुमत, इथेही पाठ सोडत नाही. चाळ पडली तेव्हा तिथल्या भाडेकरूंना हक्काची जागा मिळाली का, की ते अजून संक्रमण शिबिरात आहेत? तुळईचं वय सांगणाऱ्या वखारवाल्याला ती कुठल्या इमारतीतून आली हेही बहुधा सांगता येतं. विचारायला हरकत नसावी.

बांबूची बाब आणखी वेगळी, कारण एकाच बेटातून पुन्हापुन्हा कोंब फुटून तीन-चार वर्षांत तोडणीला येतात आणि बेट जिवंतच राहतं. आळवीच्या देवतेचं घर न मोडता निवारा करायचा असेल, तर याच्याइतकं जवळ जाणारं दुसरं काही नाही. शहरातल्या दुकानात मिळणारी बांबूची फरशी बहुतेक चीनमधून येते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये, वनहक्क कायद्याखाली, देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाले. २०११मध्ये आपला बांबू स्वतः विकण्याचा आणि त्याची वाहतूक करण्याचा अधिकारही मिळाला. तिथे कोणती बेटं तोडायची, किती तोडायची आणि कुणाला विकायची हे ग्रामसभा बसून सर्वसहमतीने ठरवते. २०१७मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतकऱ्यालाही तो लावणं, तोडणं आणि विकणं सोपं झालं. विदर्भातल्या आणि सिंधुदुर्गातल्या बांबूची चांगली, टिकाऊ फरशी पुण्याच्या दुकानात चिनी मालाशेजारी मांडलेली दिसावी, यासाठी कारखाना लागेल, प्रक्रिया लागेल, आणि मुख्य म्हणजे ‘हा बांबू कुठल्या गावचा?’ असं काउंटरवर विचारणारी गिऱ्हाइकं लागतील.